एक्स-रेत फ्रॅक्चर दिसतंय, मग सीटी स्कॅन कशाला?

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

‘माझी आई 54 वर्षांची आहे. आमची छोटी खानावळ आहे. गेल्या आठवड्यात ओल्या पायरीवर पाय मुरगळून ती पडली. तालुक्याच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. घोटा सरकलेला होता, तो ओढून जागेवर बसवला, प्लास्टरचा स्लॅब घातला आणि “साधं फ्रॅक्चर आहे, प्लेट टाकली की झालं” असं सांगितलं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या हाडांच्या डॉक्टरांनी तोच एक्स-रे पाहिला. ते म्हणाले, घोटा तीन ठिकाणी मोडलाय, सांध्याच्या पृष्ठभागाला किती इजा झालीय ते पाहायला सीटी स्कॅन लागेल आणि सूज उतरल्यावर आठ-दहा दिवसांनी ऑपरेशन करू. मामा म्हणतात, एक्स-रेत एवढं स्वच्छ दिसत असताना सीटी म्हणजे निव्वळ कमिशनचा कट. आईला साखर आहे, तिला किरणांची आणि इंजेक्शनची भीती वाटते. आठ-दहा दिवस थांबणं म्हणजे हलगर्जीपणा वाटतो. घरातले काही जण गावच्या हाडवैद्याकडे न्या म्हणतात. सीटीला नाही म्हणावं का? आणि आई पुन्हा खानावळीत कधी उभी राहील?’

नमस्कार,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी ‘सीटी करून घ्या, मालिश अजिबात नको’ एवढं तुम्हाला कळवलं होतं. त्यामागची कारणं इथे सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न घेऊन येणारी घरं पुष्कळ आहेत.

आधी मामांबद्दल. त्यांचा संशय हवेतला नाही. तपासणीमागे कट घेण्याची रीत आपल्याकडे आहे आणि तिने रुग्णांचा विश्वास पोखरलाय, हे डॉक्टर असूनच म्हणतो. पण म्हणून प्रत्येक तपासणीला एकाच तराजूत टाकलं तर ज्याला ती खरोखर हवी आहे त्याचंच नुकसान होतं. मामांना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा: ‘सीटीत काय दिसलं तर तुम्ही ऑपरेशनात काय वेगळं कराल?’ ज्यांना सीटी मनापासून हवी आहे ते नेमकं सांगतील. चीर कुठून घेणार, मागचा तुकडा बसवणार की नाही, आत दबलेलं हाड आहे का, असं काही तरी ठोस उत्तर येईल. ‘आमच्याकडे सगळ्यांनाच करायला सांगतो’ एवढंच उत्तर आलं, तर दुसरं मत घ्यायला मामांइतकाच मीही सांगेन.

आता तुम्ही जे गृहीत धरलंय त्याकडे येतो. एक्स-रेत मोडलेलं हाड दिसलं म्हणजे निदान पूर्ण झालं, असं तुम्हाला वाटतंय. मांडीचं किंवा दंडाचं हाड मधोमध मोडलं असेल तर हे बऱ्याच अंशी खरं आहे. तिथे हाड सरळ रेषेत आणि योग्य लांबीत जुळलं, की थोडं इकडेतिकडे चालून जातं. सांध्यात तसं चालत नाही.

घोट्याचा सांधा तीन हाडांचा. नडगीच्या हाडाचं खालचं टोक हे त्याचं छत. आतल्या बाजूला त्याच हाडाची उतरलेली गाठ, बाहेरच्या बाजूला शेजारच्या बारीक हाडाची गाठ. या खाचेत टाचेच्या वरचं हाड, टॅलस, अगदी घट्ट बसलेलं असतं. चालताना शरीराचा सगळा भार या लहानशा जागेतून खाली जातो. ही खाच किती काटेकोर असते याचा अंदाज 1976 मध्ये रॅम्से आणि हॅमिल्टन यांनी मृतदेहांच्या घोट्यांवर केलेल्या प्रयोगातून आला. टॅलस फक्त 1 मिलिमीटर बाहेर सरकला, तर टॅलस आणि नडगीचं हाड यांचा एकमेकांना टेकणारा भाग सरासरी 42 टक्क्यांनी कमी होतो. भार तेवढाच आणि तो पेलणारी जागा जवळपास निम्मी, म्हणजे हाडांवरची गुळगुळीत कूर्चा झिजणार. गुडघ्याची झीज बहुतेकांना वयामुळे होते. घोट्याची झीज मात्र बहुतांश वेळा जुन्या दुखापतीतून येते, आणि ती चाळिशी-पन्नाशीत, कामाच्या ऐन वयात गाठते. आईंचं सगळं काम उभ्याने आहे, म्हणून हे मिलिमीटर त्यांच्यासाठी महत्त्वाचे आहेत.

एक्स-रे ही सावली असते. पुढचं आणि मागचं हाड एकावर एक पडून एकच चित्र उमटतं. घोट्याचे एक्स-रे नीट काढले, म्हणजे समोरून, बाजूने आणि पाय थोडा आत वळवून तिसरा, तर बरंच काही कळतं. तुमच्याकडे तिसरा काढलाय का ते पाहा; घाईत बरेचदा दोनच काढतात. पण आईंच्या घोट्याचा जो तिसरा तुकडा आहे, नडगीच्या हाडाची मागची कडा, तिथे एक्स-रे हमखास फसवतो. ही कडा बहुतेक वेळा तिरकी मोडते. बाजूने काढलेल्या एक्स-रेत तिरकी भेग सरळ दिसत नाही, त्यामुळे तुकडा आहे त्यापेक्षा लहान किंवा मोठा भासतो. पूर्वी आम्हाला शिकवत की हा तुकडा सांध्याच्या पाव ते एकतृतीयांश भागापेक्षा मोठा असेल तरच बसवायचा, आणि तो मोजायचा याच एक्स-रेवरून. म्हणजे निर्णय ज्या मापावर उभा, ते मापच भरवशाचं नव्हतं. 2006 मध्ये जपानच्या हारागुची आणि सहकाऱ्यांनी सीटीवरून या मागच्या तुकड्याचे तीन प्रकार पाडले: मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यातला तिरका तुकडा, आतल्या बाजूपर्यंत पसरलेली भेग, आणि नुसती पातळ कपची. बाजूच्या एक्स-रेवर हे वेगळे काढणं अवघड, सीटीच्या आडव्या कापात मात्र ते पाहताक्षणी कळतात.

सीटीच्या पडद्यावर पायाचे आडवे काप एकामागून एक सरकत जातात. वरून खाली येताना एका जागी भेग सुरू होते, ती मागे वळते, आणि कधी कधी मध्येच हाडाचा एक छोटा तुकडा दिसतो, चण्याच्या डाळीएवढा, जो ना पुढच्या भागाला चिकटलेला असतो ना मागच्या. मग त्याच जागेचा उभा काप पाहायचा. सांध्याच्या छताची रेघ समोरून छान गोलाकार येत असते आणि अचानक 3-4 मिलिमीटर वर दबलेली दिसते. पडताना टॅलस खालून आदळला आणि मऊ मातीत खडा रुतावा तसा तो भाग वर रुतून बसला. एक्स-रेत ही जागा दोन्ही बाजूंच्या हाडांआड लपू शकते. मोठा तुकडा कितीही सुबक बसवून प्लेट लावली, तरी हा रुतलेला तुकडा तसाच राहिला की सांध्यात पायरी उरते. शिवाय सुटा तुकडा मध्ये अडकलेला असेल तर मोठा तुकडा जागेवर बसतच नाही, आणि का बसत नाही ते ऑपरेशन टेबलावर कळत नाही.

जिल्ह्याच्या डॉक्टरांना सीटी हवी असण्याचं आणखी एक अगदी व्यवहारी कारण आहे, जे नातेवाइकांना सहसा कुणी सांगत नाही. मागचा तुकडा थेट पाहून बसवायचा असेल तर रुग्णाला बरेचदा पालथं झोपवून पायाच्या मागून, पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या जाड शिरेच्या शेजारून चीर घ्यावी लागते. तो बसवायची गरज नसेल तर रुग्ण उताणाच चालतो. भूल देण्याआधी हे ठरलेलं असावं लागतं. शिवाय दोन हाडांना मागून बांधणारा मजबूत अस्थिबंध याच तुकड्याला चिकटलेला असतो. तुकडा नीट बसला की तो अस्थिबंधही ताणला जाऊन जागेवर येतो, आणि काही रुग्णांत दोन हाडांमध्ये वेगळा स्क्रू घालायची गरजच उरत नाही.

घोट्याच्या वरच्या, छत फुटलेल्या मोठ्या फ्रॅक्चरांबद्दल, ज्यांना आम्ही पायलॉन म्हणतो, एक जुना पण बोलका अभ्यास आहे. 1996 मध्ये टॉर्नेटा आणि गोरुप यांनी 22 रुग्णांत आधी एक्स-रेवरून आराखडा केला आणि मग सीटी पाहिली. 14 जणांचा, म्हणजे 64 टक्क्यांचा आराखडा बदलला. आईंचं फ्रॅक्चर त्या जातीचं नाही, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा त्यांना लावता येणार नाही. पण सांध्याचा पृष्ठभाग फुटलेला असताना चित्र पाहून बेत बदलतो, एवढं त्यातून नक्की कळतं.

मग पहिले डॉक्टर खोटं बोलले का? मला तसं वाटत नाही. त्यांनी त्या क्षणी सगळ्यात गरजेचं काम केलं: सरकलेला सांधा ओढून जागेवर आणला. तो तासन्‌तास तसाच राहिला असता तर वरची कातडी ताणून काळी पडली असती. ‘साधं फ्रॅक्चर’ हा शब्द त्यांनी बहुधा जखम उघडी नाही, हाड बाहेर आलेलं नाही या अर्थाने वापरला असावा. सांधा सरकलेला असताना आधी तो बसवायचा आणि सीटी नंतर करायची, हाच क्रम बरोबर आहे. त्यांच्यावर राग धरू नका. गावाकडे रात्री-अपरात्री हे काम करणारी माणसं आपल्याला हवी आहेत.

सीटीला मर्यादाही आहेत, आणि त्या आईंना ऑपरेशनआधीच सांगा. सीटीत हाड उत्तम दिसतं, पण त्यावरची गुळगुळीत कूर्चा दिसत नाही. हाडाची पातळी बिघडली आहे का यावरून आम्ही कूर्चेबद्दल अंदाज बांधतो. दुर्बिणीतून घोट्याच्या आत पाहणाऱ्या हिंटरमान आणि सहकाऱ्यांना 2000 साली 288 फ्रॅक्चरांपैकी जवळपास 79 टक्क्यांत कूर्चेला काही ना काही इजा आढळली होती. पडण्याच्या त्या क्षणी कूर्चेला बसलेला मार कोणतंही ऑपरेशन पुसून टाकू शकत नाही. म्हणून ‘सीटी केली, प्लेट टाकली, आता घोटा पहिल्यासारखा होणार’ असं वचन कुणी देत असेल तर त्यावर विसंबू नका. पृष्ठभाग जितका सपाट बसेल तितकी पुढच्या झिजेची शक्यता कमी, इतकंच प्रामाणिकपणे सांगता येतं. ‘मग एमआरआयच करू’ असंही कुणी सुचवेल. त्यात कूर्चा आणि अस्थिबंध दिसतात हे खरं, पण ताज्या फ्रॅक्चरमध्ये तुकडे कसे जुळवायचे हे ठरवायला सीटीच जास्त कामाची.

इतर वाचकांसाठी हेही सांगायला हवं की घोट्याच्या प्रत्येक फ्रॅक्चरला सीटी लागत नाही. फक्त बाहेरची गाठ मोडली आहे, सांधा जागेवर आहे, अशा रुग्णांत प्रश्न वेगळाच असतो: घोटा स्थिर आहे का? त्याचं उत्तर पायावर भार देऊन किंवा हलका ताण देऊन काढलेल्या एक्स-रेत मिळतं. तो स्थिर निघाला तर प्लास्टर किंवा बूट घालून काम भागतं, आणि तिथे सीटीचा आग्रह धरणाऱ्याला मी वर दिलेला प्रश्न जरूर विचारा. नुसत्या मुरगळण्याला तर काही वेळा एक्स-रेही लागत नाही. पण तीन ठिकाणी मोडलेला घोटा, छत फुटलेलं असणं, पाय आत वळून आतली गाठ उभी मोडलेली असणं, टॅलसला इजा झाल्याची शंका, या सगळ्यांत सीटी मागणारा डॉक्टर योग्य मागतोय. बारा ते पंधरा वयाच्या मुलांचाही यात समावेश करा. त्या वयात नडगीच्या टोकाची वाढीची कूर्चा टप्प्याटप्प्याने बंद होत असते आणि भेग वेगळ्याच वाटांनी सांध्यात शिरते. तिथे 2 मिलिमीटरच्या फटीवरून ऑपरेशन करायचं की नाही ते ठरतं, आणि एवढी फट एक्स-रेवर खात्रीने मोजता येत नाही.

किरणांची भीती. पोटाच्या किंवा छातीच्या सीटीचे आकडे ऐकून लोक घोट्याच्या सीटीलाही घाबरतात. पावलाजवळ किरणांना नाजूक असे अवयव जवळपास नसतात. घोट्याच्या सीटीचा डोस साधारणपणे एक दशांश मिलिसिव्हर्टच्या आत असतो. जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्या सगळ्यांना वर्षाला सरासरी 2.4 मिलिसिव्हर्ट किरणोत्सार नैसर्गिकरीत्या मिळतोच. म्हणजे पंधरवड्यात जेवढा असाही मिळाला असता, फार तर तेवढा. गरोदर बाई असेल तर आधी सांगायलाच हवं, पण ऑपरेशन ठरवण्यासाठी गरज असताना फक्त किरणांच्या भीतीने ही तपासणी टाळू नये. इंजेक्शनचं म्हणाल, तर या सीटीला रंगाचं औषध टोचावं लागत नाही, त्यामुळे साखर असलेल्यांच्या मूत्रपिंडावर ताण यायचा प्रश्न नाही. उपाशी जायची गरज नाही. स्लॅब काढावा लागत नाही. चित्रं काही सेकंदांत निघतात. यंत्रही एमआरआयसारखं बोगद्याचं नाही, रुंद कड्यासारखं असतं आणि आत फक्त पाय जातो. आईंना एवढं सांगितलं तरी निम्मी भीती जाईल.

स्कॅन झाल्यावर नुसता कागदी अहवाल आणि फिल्म घेऊन घरी येऊ नका. सगळे काप असलेली सीडी किंवा लिंक मागून घ्या. ऑपरेशन करणाऱ्याला स्वतः काप सरकवून पाहायचे असतात, आणि दुसरं मत घ्यायचं झालं तर पुन्हा स्कॅनचा खर्च पडत नाही. तुम्हाला पुठ्ठ्यावर छापलेलं रंगीत त्रिमितीय चित्र मिळेल. ते घरच्यांना समजवायला छान आहे, पण त्यात बारीक भेगा आणि दबलेले भाग गुळगुळीत होऊन दिसेनासे होतात. त्यावरून ‘काही फार नाही’ असा निष्कर्ष काढू नका. खर्चाची अडचण असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, रेशनकार्ड घेऊन त्यांना भेटा. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तिथल्या समाजसेवा अधीक्षकांकडे अर्ज करावा लागतो. हे हक्काचं आहे, मागायला संकोच करू नका.

आठ-दहा दिवस थांबण्याला तुम्ही हलगर्जीपणा म्हणालात. मला वाटतं तुमच्या डॉक्टरांची सगळ्यात शहाणी सूचना तीच आहे. घोट्यावर स्नायूंची गादी नसते, कातडीखाली लगेच हाड. टम्म सुजलेल्या कातडीवर चीर घेतली की ती शिवताना ताणते, जखम उघडते, आणि साखर असलेल्या माणसात मग प्लेटपर्यंत पू जातो. सूज उतरली की पाऊल वर-खाली करताना कातडीवर बारीक सुरकुत्या पडायला लागतात. आम्ही त्या सुरकुत्यांची वाट पाहत असतो. बहुतेकांत एक ते दोन आठवडे लागतात. तीन आठवड्यांच्या पुढे मात्र जाऊ नये, कारण मग तुकडे एकमेकांना चिकटायला लागतात आणि जुळवणं अवघड होतं. या मधल्या काळात पाय उशांवर, छातीपेक्षा उंच ठेवा, आईंना बोटं हलवत राहायला सांगा आणि त्यांची साखर आटोक्यात आणून घ्या. तीन ठिकाणी मोडलेला घोटा स्लॅबमध्येही पुन्हा सरकू शकतो, म्हणून मध्ये एकदा एक्स-रे काढून सांधा जागेवर आहे ना ते पाहायला सांगा. बोटं निळी किंवा थंड पडली, बधिर झाली, औषध देऊनही दुखणं वाढतच गेलं, पोटरी दुखून सुजली किंवा धाप लागली, तर दहा दिवसांची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

हाडवैद्याबद्दल घरच्यांना दुखवायचं नसेल तर एवढंच सांगा, की सांध्याच्या आत रुतलेला तुकडा बाहेरून चोळून वर-खाली होत नाही. आणि सुजलेल्या पायावर बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या की रक्तपुरवठा तुटू शकतो. साखर असलेल्या पायावर हा धोका घ्यायला मी कुणालाच सांगणार नाही.

राहिला खानावळीचा प्रश्न. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे त्या पायावर भार टाकू देत नाहीत आणि साखर असेल तर हा काळ बरेचदा लांबवतात. वॉकर किंवा कुबड्या आधीच आणून आईंना आत्ताच सवय करवा. घरात संडासपर्यंतची वाट कोरडी आणि मोकळी ठेवा. वाढायला आणि पोळ्यांना निदान चार ते सहा महिन्यांसाठी माणूस लावा. दोन महिन्यांच्या हिशेबाने लावलंत तर आई ओढीने लवकर उभ्या राहतील. तोवर भाजी निवडणं, हिशेब, चव पाहणं ही कामं खुर्चीवर बसून, पाय समोरच्या स्टुलावर ठेवून होतील. काम सुरू केल्यावर संध्याकाळी घोटा सुजेल, काहींना वर्षभर सुजतो, त्याला घाबरायचं कारण नाही. पण रात्री पाय वर ठेवूनही सकाळी सूज तशीच असेल, दुखणं आठवड्यागणिक वाढत असेल किंवा टाक्यांच्या जागेतून पाणी यायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.